माईकवर दिलेलं घर

गुरुबसप्पा तुम्हाला माहीत नसेल तर तुमचं बरं चाललंय म्हणायचं. शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडवर एक सिमेंटचं बाकडं आहे, ते त्यानं दिलेलं. बाकड्याच्या पाठीवर निळ्या रंगात त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि खाली 'यांचेकडून सप्रेम भेट'. आता माणूस बाकड्यावर बसला की पाठ टेकणारच, आणि पाठ टेकली की नाव झाकणारच. म्हणून हा गृहस्थ सकाळी तिथून जाताना बसलेल्यांना सांगतो, "जरा म्होरं सरकून बसा की, अक्षरं पुसतेत." ताप आलेली म्हातारी असो नाहीतर लेकुरवाळी बाई, सगळ्यांनी ताठ बसायचं. त्या बाकड्यावर सुखानं टेकलेला माणूस मी अजून बघितला नाही.

मी त्याला तिसरीपासून ओळखतो. गावच्या शाळेत एका तरटावर बसायचो आम्ही. एकदा माझी पाटीवरची पेन्सिल हरवली तर त्यानं त्याची अर्धी मोडून मला दिली. झालं. चौथी सुटेपर्यंत गुरुजींना सांगत होता, की दगडोबाचे पाढे माझ्या पेन्सिलीमुळं पाठ झाले. पुढं माझं लग्न झालं तेव्हा मांडवात माझ्या सासऱ्यालाही त्यानं ही गोष्ट सांगितली. सासरा भला माणूस, त्याला वाटलं जावयाला यानंच शिकवलं. दिवाळीला यालाही फराळाचा डबा यायला लागला.

मोठेपणी त्याचं बी-बियाणांचं दुकान चांगलं चाललं आणि देण्याची खोड वाढत गेली. एकदा मठाला गाय दिली. हलगी लावून, शिंगांना गोंडे बांधून, बाजारातून मिरवत नेली. लोक म्हणाले, अप्पाचं मन मोठं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा चरवी घेऊन मठाच्या दारात हजर. म्हणे प्रसादाचं दूध. स्वामींना नाही म्हणवेना, ते रोज चरवी भरून देत गेले. गाय आटली तेव्हा हाच गावभर बोंबलत फिरला, की मठात मुक्या जनावराची आबाळ होते.

माहूरची गोष्ट तर विचारू नका. आम्ही चारपाच घरची माणसं मिळून रेणुकेच्या दर्शनाला गेलो होतो. यानं देवीला साडी दिली. दिली ती दिली, वर पुजाऱ्याला विचारत बसला की ही नेसवणार कधी, मी बघूनच खाली उतरीन. पुजारी म्हणाला, बाबा, साड्यांचा ढीग पडलाय, लागेल तेव्हा लागेल नंबर. हा तिथंच मांडी ठोकून. आमची गाडी गेली निघून. आम्ही पोराबाळांसकट पायऱ्यांवर फुटाणे खात बसलो आणि देवीनं काय ती साडी नेसली नाही.

तर असा हा माणूस. आता त्यानं घर कसं दिलं ते सांगतो.

घर म्हणजे बसस्टँडच्या मागं आहे ते, खाली पडवी, स्वयंपाकघर, मागं अंगण आणि वर दोन खोल्या. त्या घराचीही एक गंमत आहे. गुरुबसप्पा भावाबरोबर एकत्र होता तेव्हाच त्यानं दुकानाच्या पैशातून ही जागा घेतली, आणि घेतली ती बायकोच्या, लक्ष्मम्माच्या नावानं. का, तर पुढं वाटणी झाली तर भावानं हात घालू नये. आणि वाटणी झाली तेव्हा मी तिथं बसलेलो होतो. भाऊ म्हणाला, त्या जागेत माझाही घाम आहे. तर यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं, "ह्यात माझा एक खडा न्हाई. ही सगळी लक्ष्मम्माच्या माहेरची पुण्याई हाय. तिचं घर हाय, तिला इचारा." तिच्या पाटल्या मोडल्या होत्या हे खरं, पण पाटल्यांत पायासुद्धा भरला नसता. भाऊ बिचारा देवाला भिणारा, उठून गेला. तेव्हापासून हा निर्धास्त झाला आणि दुसऱ्या दिवसापासून 'माझं घर, माझं घर' करायला लागला. नाव कागदावर तिचं आहे हे सगळ्या शिरूरला माहीत होतं. विसरला होता तो एकटा.

मुलगा बसवराज नांदेडला औषधाच्या कंपनीत नोकरीला. त्याचं लग्न उमरीच्या दीपमालाशी ठरलं. तीही नांदेडलाच शाळेवर आहे. तिचा बाप विरूपाक्ष उमरीचा आडतदार; गोड बोलून समोरच्याला मापात उभं करणारा माणूस. दोघे व्याही पहिल्या भेटीतच एकमेकांना ओळखून होते, कारण दोघांचीही जात एकच, मिरवणाऱ्यांची.

लग्न लातूरला, मोठ्या कार्यालयात. अक्षता पडल्या आणि आहेर पुकारायला सुरुवात झाली. पुकारणारा पोरीच्या बापाच्या बाजूचा. त्यानं माईकवर विरूपाक्षनं काय काय दिलं ते वाचायला घेतलं, फ्रिज, कपाट, पलंग, गाद्या, आणि प्रत्येक वस्तूला टाळ्या. याला हुंडा म्हणायचं नाही बरं का, प्रेमानं दिलेलं म्हणायचं. मी गुरुबसप्पाच्या शेजारी बसलो होतो. गाद्यांपर्यंत त्यानं सोसलं. पुढं मिक्सरलाही टाळ्या पडल्या तेव्हा तो उठला, स्टेजवर चढला आणि पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेतला.

"मंडळी," म्हणाला, "सामान चांगलंच हाय. पण सामान ठेवायला घर लागतंय. माझं शिरूरचं दुमजली घर मी आज ह्या जोडप्याला देऊन टाकलं. दोघांच्या नावावर. बिनशर्त. माझा त्यात कसलाबी हक्क राहिला न्हाई."

टाळ्या अशा पडल्या की वाढपी वाढायचे थांबले. विरूपाक्षचा चेहरा शिळ्या भाकरीसारखा झाला. आमदाराचा कुणीतरी माणूस आला होता, त्यानं गुरुबसप्पाला मिठी मारली. खाली उतरला तेव्हा याची छाती सदऱ्यात मावत नव्हती. मला म्हणाला, "बघितलंस? मिक्सर."

मी मात्र लक्ष्मम्मावहिनींकडं बघत होतो. त्या स्टेजच्या कडेला ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. ताट हललं नाही, तोंडावरची रेघ हलली नाही. फक्त एका बाईनं त्यांचं अभिनंदन केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कशाचं?"

लग्नानंतर मी एकदा त्यांच्याकडं गेलो तर त्या अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. गुरुबसप्पा दुकानावर होता. मला बसायला पाट दिला आणि सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "दगडूअण्णा, घर दिल्यावर मी कुठं राहायचं हो?"

"इथंच की वहिनी. कुठं जाणार तुम्ही?"

"कुणाच्या म्हणण्यावर राहू?"

मी म्हणालो, "बसवराज काय बाहेर काढणार हाय का तुम्हाला?"

"माझ्या बहिणीची पोरं पण गुणाचीच हायेत," त्या म्हणाल्या. "उदगीरला. घर दोघांच्या नावानं करून दिलं तिनं. आता महिना संपला की बोचकं उचलती आन् एकाकडून दुसऱ्याकडं जाती. कुणी वाईट बोलत न्हाई तिला. पण फेब्रुवारी आला की ज्याची पाळी असते तो खूष असतोय, दिवस कमी म्हणून."

सुपातली डाळ उडत होती, फोलपटं माझ्या धोतरावर येत होती. मी म्हणालो, "मग नवऱ्याला सांगा की."

"तुमच्या दोस्ताला?" त्या हसल्या. "त्येनला टाळ्या ऐकू येतेत. दुसरं काय ऐकू येत न्हाई."

आता खरं सांगायचं तर गुरुबसप्पाला तरी कुठं घर द्यायचं होतं. माईकवर बोललं, टाळ्या घेतल्या, विषय संपला, असा त्याचा हिशेब. पण विरूपाक्ष काही मठाचा स्वामी नव्हता. त्यानं लग्नाच्या शूटिंगमधला तेवढाच तुकडा काढून घेतला आणि उमरीपासून नांदेडपर्यंत सगळ्या पाहुण्यांच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, 'आमच्या व्याह्यांचे औदार्य'. असा शालजोडीतला आजवर मी कुणाला बसलेला बघितला नाही. स्टँडवरचे रिक्षावालेसुद्धा विचारायला लागले, "अप्पा, झाली का रजिस्ट्री?" हा म्हणायचा, अधिक महिना आहे. अधिक संपला. मग म्हणाला, गुरूचा अस्त आहे. गुरूही उगवला. मग विरूपाक्षचा फोन आला. माझ्यासमोर आला म्हणून सांगतो.

"अप्पा, शरणु शरणार्थी. तब्येत बरी हाय ना? न्हाई, पाहुणे इचारून राहिले, म्हणून म्हटलं. तुम्हाला जड जात असेल तर राहू द्या. आम्ही समजून घेऊ. बोलण्याच्या भरात माणूस बोलून जातो."

"कोण बोलून जातो?" गुरुबसप्पा फोनवरच उभा राहिला. "येत्या गुरुवारी या तुम्ही. डोळ्यांनी बघा."

फोन ठेवला आणि मला म्हणाला, "तू साक्षीदार." मी लगेच हो म्हणालो. अशी मजा बघायला मिळणार म्हटल्यावर मी नेसत्या धोतरावर गेलो असतो.

दस्त लिहायला तो मृत्युंजयकडं गेला. मृत्युंजय कचेरीच्या आवारात पत्र्याखाली कॉम्प्युटर घेऊन बसतो आणि दस्त लिहून देतो. मीही सोबत होतो. गुरुबसप्पा सांगायला लागला, "लिही. मी, गुरुबसप्पा, उदार अंतःकरणानं..."

"अप्पा, कायद्यात अंतःकरणाला रकाना न्हाई," मृत्युंजय म्हणाला.

"कर की मग एक."

शेवटी त्यानं 'स्वखुशीने' असं लिहिलं आणि अप्पाच्या समाधानासाठी ते ठळक केलं. मग घराचे कागद बघून म्हणाला, "अप्पा, घर तर काकूंच्या नावावर हाय."

"तिचं नाव खाली घाल. संमती म्हणून. दान नवरा देतो, बायको त्याच्या हाताला हात लावते. आपल्यात तीच रीत हाय. तुझं लग्न झालंय का न्हाई?"

मृत्युंजयनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. त्याच्याकडं गिऱ्हाइकांची रांग लागलेली आणि हा बाबा उठेना, म्हणून त्यानं जसं सांगितलं तसं लिहून टाकलं. दानातली रीत दस्तात घालणारा मराठवाड्यात दुसरा कुणी झाला असेल तर मला दाखवा.

गुरुवारी सगळी वरात रजिस्ट्रीच्या ऑफिसात. गुरुबसप्पा इस्त्रीच्या कपड्यांत, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. बसवराज आणि दीपमाला रजा काढून नांदेडहून आलेले. विरूपाक्ष उमरीहून पेढे घेऊन आला होता. वाटायला नाही, घर दिलं गेलं नाही तर खुशीनं स्वतः खायला, असं मला वाटतं. दुसरा साक्षीदार म्हणून दुकानाचा जुना हमाल धरून आणला होता. आणि लक्ष्मम्मावहिनी हिरवं इरकल नेसून, सगळ्यांच्या मागं.

नंबर लागला. साहेबांच्या खुर्चीवर एक बाई होत्या, चष्मेवाल्या, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून हातानं धरून बसलेल्या. गुरुबसप्पानं टेबलावर नारळ ठेवला. मग वहिनींना डाव्या हाताला उभं केलं, त्यांचा हात धरून आपल्या कोपराला लावला आणि उजवा हात नारळावर ठेवून साहेबबाईंना म्हणाला, "हां, घ्या."

बाई म्हणाल्या, "काय घेऊ?"

"दान चाललंय."

बाईंनी नारळ बाजूला केला आणि दस्त वाचला. मग घराचे कागद बघितले. मग परत दस्त. "आजोबा, तुमचं ह्या मिळकतीत काय आहे?"

"सगळंच की. घर माझं."

"कागदावर लक्ष्मम्मा गुरुबसप्पा आहे."

"त्याच की ह्या. माझीच बाई. हात लावून उभी हाय, बघा."

"हात लावून चालत नाही. घर ज्यांचं त्यांनी द्यावं लागतं." बाईंनी चष्मा वर केला. "आजी, घर तुमचं आहे. तुम्ही देताय का?"

वहिनींनी कोपरावरचा हात काढून घेतला. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हाई अजून."

विरूपाक्षच्या तोंडातला पेढा तिथंच राहिला. गुरुबसप्पा म्हणाला, "आगं, हो म्हण की. लोकं थांबलेत."

"सुम्म कूडरी," त्या म्हणाल्या. वहिनींचं माहेर भालकीकडचं. रागाचं बोलायचं असलं की कानडीत बोलतात. गप बसा, एवढाच त्याचा अर्थ, पण कानडीत तो जास्त लागतो. गुरुबसप्पा खरंच बसला. खुर्ची नव्हती म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर बसला.

बाईंनी दस्त परत दिला. "देणार म्हणून आजींचं नाव घालून, त्यांना काय द्यायचंय ते लिहून आणा. दुपारपर्यंत आहे मी."

आम्ही परत मृत्युंजयच्या पत्र्याखाली. गुरुबसप्पा मात्र तिथं आला नाही. बायको दस्त सांगणार आणि आपण ऐकणार हे चारचौघांत त्याला कसं झेपावं. तो व्याह्याला घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर गेला आणि तिथल्या सगळ्यांना सांगायला लागला की घर त्यानंच मोठ्या मनानं बायकोच्या नावावर केलेलं आहे. हमालानं तेवढ्यात तंबाखू मळून खाल्ली, एकदा उन्हाकडं बघितलं आणि घरी निघून गेला.

वहिनी स्टुलावर बसल्या. "लिही रे बाबा," म्हणाल्या. "घर दिलं. बसवराजला आन् दीपमालाला. निम्मं निम्मं. पण मी जिवंत हाय तवर खालचं स्वयंपाकघर, पडवी आन् मागचं अंगण माझ्या राहण्याचं. मला कुणी ऊठ म्हणायचं न्हाई, आन् माझ्या हयातीत इकायचं न्हाई."

बसवराज कसनुसा झाला. चांगला पोरगा आहे, पण बापाच्या सावलीत वाढल्यामुळं सावलीसारखाच. "अव्वा, हे लिहायची काय गरज हाय? आम्ही तुला काढणार हावोत का?"

"काढणार न्हाईस ना?"

"न्हाई की."

"मग लिहायला काय जातंय तुझं?"

तो बायकोकडं बघायला लागला. मला वाटलं, आता ही शिकलेली पोरगी काहीतरी बोलणार आणि मामला बिघडणार. दीपमाला वाकून कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचत होती. ती मृत्युंजयला म्हणाली, "काका, नळ मागच्या अंगणात नाही. तो बाजूच्या बोळात आहे. तो पण अव्वांच्या वापराचा म्हणून लिहा. नाहीतर उद्या पाणी कुणाला मागणार त्या?"

वहिनींनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. लग्नात ओटी भरताना बघतात तसं नाही, बाजारात वाण पारखताना बघतात तसं. "बस हितं," म्हणाल्या आणि स्टुलावर थोडं सरकल्या.

मृत्युंजयनं नळ लिहिला. मग बोटं थांबवून विचारलं, "आन् अप्पांचं काय लिहू? त्यांच्या राहण्याचं?"

वहिनी म्हणाल्या, "त्यांचं त्यांना इचारा. मी कशाला मधी बोलू? माईकवर त्यांनी काय सांगितलं ते सगळ्यांच्या मोबाईलात हाय."

विचारायला मला पाठवलं. मी एवढ्या आनंदानं रस्ता गेल्या कित्येक वर्षांत ओलांडला नसेल. टपरीवर गुरुबसप्पा बाकावर, शेजारी विरूपाक्ष, भोवती रिकामटेकडी माणसं. मी म्हणालो, "गुरुबसप्पा, मृत्युंजय इचारतोय, दस्तात तुझ्या राहण्याचा हक्क लिहायचा का? वहिनींचा लिहिलाय."

त्याचा चहा ओठाशी थांबला. त्याच्या डोळ्यात मला स्पष्ट दिसलं, की लिही म्हणावं असं त्याला वाटतंय. जीभ जवळजवळ हललीच होती. पण विरूपाक्ष मध्येच बोलला, आणि किती मायेनं बोलला. "लिहून घ्या की अप्पा. म्हातारपण हाय. बोलण्यात बिनशर्त म्हटलं तरी आम्ही काय धरून बसणार हावोत का?"

"तुमच्या धरण्याचा काय संबंध?" गुरुबसप्पानं कप आदळला. "दगडोबा, सांग त्याला. गुरुबसप्पानं दिलं म्हणजे दिलं. माझ्या नावाची एक ओळ नको त्यात."

"बघ हां," मी म्हणालो.

"एक अक्षर नको."

दोस्त म्हणून मी त्याला बाजूला घ्यायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी नाही घेतलं. साठ वर्षं मी त्या अर्ध्या पेन्सिलीचं ऐकत आलोय.

परत ऑफिसात गेलो, टपरीवरचे दोघे व्याहीही मागून आले. दस्त बरोबर होता. साहेबबाईंनी वहिनींना वाचून दाखवला, विचारलं, आणि वहिनी हो म्हणाल्या, स्पष्ट, एकदाच. त्यांचा फोटो काढला, अंगठा घेतला. बसवराज आणि दीपमालानं घेतलं म्हणून सह्या केल्या. साक्षीदारांची वेळ आली तेव्हा मी पुढं झालो. दुसरा साक्षीदार कुठं, म्हणून शोधाशोध झाली. हमाल तर घरी जाऊन झोपलेला. बाई म्हणाल्या, "हे आजोबा आहेत की."

आणि गुरुबसप्पानं सही केली. माईकवर ज्यानं घर दिलं, टाळ्या घेतल्या, नारळ आणला, त्याचं नाव त्या अख्ख्या दस्तात कुठं आहे विचाराल तर शेवटच्या पानावर, माझ्या खाली, साक्षीदार म्हणून. सही करताना त्यानं अक्षर मोठं काढलं. दुसरं काय करणार होता.

विरूपाक्षनं पेढे वाटले. पहिला वहिनींना दिला. त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, तो व्हिडिओ आता पुसा. जागा अडते मोबाईलात." तो आडतदार माणूस, पेढ्यांचा पुडा घेऊन पुढच्याकडं वळला.

ह्या गोष्टीला वर्ष झालं. घर तेच, माणसं तीच. बसवराज आणि दीपमाला नांदेडला असतात, सुट्टीला येतात आणि वरच्या खोल्यांत उतरतात. गुरुबसप्पा बाहेर कुणी भेटलं की अजून सांगतो, घर पोरांना देऊन मोकळा झालो, मला कशाचा मोह नाही. पण घरात त्याचं काय चालतं ते मला माहीत आहे, कारण तो गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडंच येतो. पूर्वी पडवीत दुपारभर याचे पाहुणे, चहावर चहा, वर पानाच्या पिचकाऱ्या. आता वहिनींनी सांगितलंय, पाहुणे आणायचे तर आधी विचारायचं आणि थुंकायचं असलं तर रस्त्यावर.

"दगडोबा, तू साक्षीदार हायेस," एकदा मला म्हणाला. "सांग, घर मी दिलं का न्हाई?"

"दिलं की."

"मग मला हे असं?"

"दिल्यावर असंच असतंय," मी म्हणालो. "तू आजवर खरं कधी दिलंच नव्हतंस, म्हणून तुला ठाऊक न्हाई."

तिसऱ्या दिवशी आला आणि खाली बघत म्हणाला, "लक्ष्मम्माला जरा सांग की. माझ्या नावाच्या दोन ओळी कुठंतरी लिहून ठेव म्हणावं."

गेलो मी. काय करणार, चांभारचौकशीची सवय. वहिनी अंगणात शेंगा फोडत होत्या. मी विषय काढला. त्या म्हणाल्या, "लिहायला कशाला पायजे? मी हाय तवर ते हायेत. त्येनला काय मी उपाशी ठेवून राहिले का?"

"आणि तुमच्या मागं?"

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे बघितले, किडका होता तो टाकला. "माझ्या मागं घर सूनबाईच्या हातात. तिच्याशी नीट बोलायला शिका म्हणावं. अजून टाईम हाय."

पडवीत गुरुबसप्पा बसलेला होता. त्याला ऐकू गेलं. टाळ्यांशिवाय काही ऐकू येण्याचा हा त्याचा बहुतेक पहिलाच प्रसंग.

गेल्या रविवारी दीपमाला एकटीच नांदेडहून आली. तर हा गृहस्थ तिला घ्यायला स्टँडवर गेला. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टँडपासून घरापर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगत आला, "सूनबाईची पिशवी. मीच उचलली. आजकाल कोण उचलतंय?" दुकानदार गल्ल्यावरून उठून बघायला लागले. ती बिचारी मागं मागं, ओढणी तोंडाला लावून.

मी पडवीतच होतो. दारात आल्यावर दीपमालानं पिशवी त्याच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "अप्पा, दमलात. बसा, चहा टाकते."

गुरुबसप्पानं आधी लक्ष्मम्मावहिनींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा बसला.